इगतपुरीचं स्वस्त तिकीट

यात चूक कोणाची, ते मला अजून नाय कळलं. कसाऱ्याच्या आत्याला घेऊन जळगावला जायचं होतं. मोबाइलवर पाहिलं, तर कल्याणपेक्षा घाटावरच्या इगतपुरीहून तिकीट स्वस्त. मी तेच काढलं. पण घाट चढायला मागून जादा इंजिन जोडतात, म्हणून गाडी कसाऱ्याला थांबतेच. आत्या मला ओढत तिथंच चढली.

टीसीनं तिकीट दोनदा वाचलं. "मावशी, हे इगतपुरीपासूनचं आहे. कसाऱ्याला या गाडीला थांबा नाही."

"मंग थांबली कशी?"

"इंजिनासाठी."

"थांबली ना? मंग आमी चढलो."

टीसी गोंधळला. "अहो, पण तिकिटाप्रमाणे इगतपुरी येईपर्यंत तुम्ही गाडीतच नाही."

आत्या शांतपणे म्हणाली, "मंग मघापासून भांडताय कोणाशी?"