पिल्लं उडेपर्यंत

कोहमाऱ्याच्या स्टँडवर गोंदियाच्या एसटीचा पत्ता नव्हता. माझ्या मागच्या बाकावर दोघी बसल्या होत्या, कुंदाबाई आणि तिच्या गावची दुर्गा. बोलणं दुर्गानंच काढलं.

"काऊन कुंदाबाई, यंदा राजदीप नाही आला? दरसाल पोळ्याले येते ना, पुण्याचे दोस्त घेऊन, तलावात नावा चालवाले."

"यंदा नावा बंद हायेत."

"कोनं केल्या बंद?"

"जंगलखात्यानं. सारसाच्या जोडीनं तलावात घरटं केलं. पिल्लं उडतवर कोणी पाण्यात जावाचं नाही."

"त्याइले कसं समजलं?"

"मीच सांगतलं."

"पोराची सालभर वाट पाहतेस, अन् तूच सांगतलं?"

"मागच्या साली नावांच्या गलक्यानं जोडी अंडे सोडून उडाली. यंदा पुन्हा आली. एक अंड्यावर बसे, तं दुसरा पाण्यात उभा राहून पाहारा दे. मले पाहवलं नाही."

"मंग, झालं का पिल्लू?"

"एक झालं. मायच्या मागं मागं फिरून राहिलं."

"राजदीपले सांगतलं का, तूच कळवलं म्हणून?"

"सांगतलं फोनवर."

"लय रागावला असन."

"नाही. 'बरं केलंस आई,' म्हणे. 'राहू दे त्यांना निवांत. आम्ही यंदा कोकणातल्या नदीवर जातो.'"

"समजदार हाय पोरगा."

"हाय."

"मंग तोंड काऊन उतरलं तुह्यं?"

"रागावला असता, तं भांडाले तरी घरी आला असता."