पंख्यावरचं नाव

आत तरुण पोरीवर ऑपरेशन चाललं होतं. बाहेरच्या बाकावर तिची फुलंब्री गावची म्हातारी आई बसली होती आणि महिला आश्रमाचे सचिव तिच्यापुढं उभे होते.

“मनकर्णाबाई, झालं ते फार वाईट झालं.”

“साहेब, पंखा देताना म्या हात जोडून सांगितलं व्हतं, माझं नाव घालू नका.”

“देणगीदाराचा मान ठेवावा लागतो, मावशी. पंख्यावर नाव रंगवलं, फोटो सगळ्या ग्रुपवर टाकला. कौतुकच केलं ना?”

“त्यो फोटो जावयाच्या मोबाईलवर गेला. सासूनं गारखेड्याच्या आश्रमाला पंखा दिला म्हंजे बायको तिथंच लपलीय, हे त्यानं वळखलं. फाटकापाशी कोयता घेऊन थांबला.”

“पण ती तिथं आहे, हे आम्ही कुणालाच सांगितलं नव्हतं.”

“दुसऱ्या पंख्यांवरबी आयांचीच नावं हायेत, साहेब. त्यांच्या लेकी त्याच पंख्यांखाली झोपतेत. आजच्या आज पुसा ती नावं.”

“सगळी? अहो मावशी, नावच नाही घातलं तर लोक देणगी कशाला देतील?”

“म्या बिगर नावाचाच दिला व्हता की.”