कच्च्या रंगाची टोपी

—आत या, आत या पाव्हणं, बोडक्या डोक्यानं उंबऱ्यावर उभं राहू नका! लोक इचारतील, चनमल्लप्पा टोपीवाल्याच्या घरात कोण गेलं म्हणून. काय? टोपी टेशनावरच काढून घेतली? घेणारच की! मार्शल लॉ लागलाय सोलापुरात, पांढरी गांधी टोपी दिसली की सोल्जर धरतोय. आन् असंच तुमच्या गावी, मोडनिंबला गेलात तर बायकामाणसं रडाय लागतील — बोडका माणूस दारात म्हंजे सुतकच. घालावी तर तुरुंग, काढावी तर सुतक. बसा.

न्हाय, न्हाय, त्या काळ्या ढिगाला हात लावू नका. पांढऱ्याच हुत्या त्या — मीच एका दिवसात रंगवल्या. लई शाणा की मी! टूमच निघाली गावात, वकिलापासनं गिरणीवाल्यापर्यंत सगळ्यांना काळी पाहिजे. रंग पक्का व्हाया तुरटीच्या पाण्यातनं काढाय पाहिजे, दोन दिस वाळवाय पाहिजे — मला काय ठावं न्हाय? ठावं हाय की! दम कुणाला हुता? पोरगा सांगत हुता, आमचा गुरुलिंग — 'आप्पा, रंग कच्चा हाय. मला पांढरीच द्या, धरलं तर धरू दे.' मीच काळी दाबली त्याच्या डोक्यावर. मे महिन्याचं ऊन — चौकात जाईस्तवर घामानं रंग कपाळावर उतरला. सोल्जरनं बोट फिरवलं आन् हसला. पंधरा दिवस तुरुंगात घातलं. पांढरीलाबी तेवढंच देतात, पाव्हणं! पर ती पोरं जयजयकार करत जातात — माजा पोरगा कपाळ पुसत गेला.

भेटाय गेलो तर म्हणला, 'शुक्रवारी सुटतोय. पांढरी घालून न्यायला या, न्हायतर येऊ नका.' आज? आज शुक्रवारच की. — ते गादीखालचं? बघितलंत व्हय. पांढरीच शिवलीय, माज्याच मापाची. सकाळधरनं तीनदा घातली, उंबऱ्यापर्यंत गेलो, बुटांचा आवाज आला की काढली. भ्या वाटतं, दुसरं काय.

आता तुमी का उठलात? ही पांढरी? तुमाला घालायचीय? अवो, धरतील की! ...बसली बगा नीट. काढा. काढा म्हणतो —

बरं. तुरुंगावरनंच जाणार न्हवं? दारात एक पोरगा उभा असंल, कपाळाला अजून डाग असंल. त्याला म्हणा, आप्पा आजारी हाय... न्हाय, काय सांगू नका. जावा तुमी. दार तेवढं भाईरनं ओढून घ्या.