उंबरठ्याचं वचन

सन्माननीय अध्यक्ष भाऊसाहेब सावे, आमच्या गावच्या शाळेच्या मुख्याध्यापिका इंदुबाई चुरी, व्यासपीठावरील मान्यवर, सालवड-वाणगावहून आणि थेट एडवणहून आलेले वाचकमंडळाचे सभासद, बंधूंनो आणि भगिनींनो, आणि आजच्या सत्कारमूर्ती, इंदुबाईंच्या शाळेतल्या शिक्षिका दमयंतीबाई खेडकर, ज्यांना मी घरी नुसतं 'अगं' म्हणतो, त्यामुळे आज जरा चाचरायला होतंय.

मी बोईसर स्टेशनचा तिकीटबाबू. खिडकीसमोर एका वेळी एकच माणूस असतो आणि त्यालाही घाई असते. तुम्ही एवढे सगळे निवांत बसलेले पाहून मला घाम फुटलाय. पण बाई तत्त्वज्ञान शिकायला दोन वर्षं पुण्याला चालल्या, तेव्हा निरोपाचे दोन शब्द त्यांच्या यजमानांनी बोलावेत, असा इंदुबाईंचा आग्रह. खरं सांगू का? यजमान काय बोलतात, याचीच सगळ्यांना उत्सुकता आहे. अणुवीज केंद्राच्या बांधकामावरचे लोकसुद्धा तिकीट घेता घेता विचारतात, "बाबूजी, भाभी को जाने दे रहे हो?"

आपल्याला आठवत असेल, दिवाळीनंतर मंडळाने एक जुनी नावाजलेली कादंबरी वाचायला घेतली होती. तिचा नायक व्यापाराला दूरदेशी निघतो आणि बायकोकडून वचन घेतो, मी येईपर्यंत उंबरठा ओलांडायचा नाही. ती माउली बारा वर्षं ओलांडत नाही. शेवटचं प्रकरण वाचताना भाऊसाहेबांनी चष्मा काढून पुसला होता. मला चष्मा असता तर मीही पुसला असता.

आणि मग दमयंतीबाईंनी आपला निबंध वाचला. मागच्या महायुद्धानंतर परदेशात जे नवं तत्त्वज्ञान आलं, त्याच्या आधाराने. मला समजलं तेवढं सांगतो. माणूस मोकळा आहे आणि रोज निवड करतो. प्रेम करणाऱ्याची पंचाईत अशी, की समोरच्याने आपणहून राहावं असंही त्याला वाटतं आणि तो जाणार नाही याची खात्रीही हवी असते. खात्री करून घेतली, की आपणहून राहणं संपलं. बाई म्हणाल्या, "नायक परतला, बायको दारात उभी. पण ती प्रेमाने थांबली की वचनाने, हे त्याला आता कधीच कळणार नाही. त्याने स्वतःलाच लुटलं."

काय गहजब झाला त्या दिवशी! भाऊसाहेब, आपण म्हणाला होता, "हे असलं प्रेम परदेशातलं. आपल्या मातीतलं नव्हे."

अध्यक्षांचा मान राखून सांगतो, मातीतलंच होतं. त्याआधी थोडेच दिवस आम्ही मंगळ्या आणि बुधीच्या लग्नाला गेलो होतो. बुधी बाईंच्या प्रौढांच्या वर्गात येते. त्यांच्या पाड्यावरची रीत आपण जाणता: आधी संसार मांडतात, लग्न जमेल तेव्हा लागतं. बुधीची थोरली पोर आईच्या लग्नात आईलाच हळद लावत होती. बाईंनी विचारलं, "लग्न लागलं नव्हतं, मग एवढी वर्षं कशी राहिलीस गं?"

बुधी हसली. "ऱ्हावासा वाटला, ऱ्हायली. नाय वाटता त गेली असती."

"आणि मंगळ्याला हे माहीत होतं?"

"ठावं हाय ना. म्हनून त नीट वागतो!"

घरी आल्यावर बाई म्हणाल्या, "अहो, आपलं लग्न पहिल्याच दिवशी लागलं. पण मीसुद्धा रोज राहतेच की. ते तुम्हाला कळतं का?"

मी म्हटलं, "कळतं."

"कसं?"

मी म्हटलं, "भात गार होतोय," आणि आम्ही जेवायला बसलो.

आता सरळच सांगतो. मला भीती वाटते. पुण्यात कॉलेज आहे, ग्रंथालयं आहेत, यांच्या तोडीने बोलणारी माणसं आहेत. बोईसरला परत यावं असं काय आहे? मी, आणि शाळेतली कारटी. आईने मला विचारलं, "वचन तरी घेतलंस का तिच्याकडून?" नाही घेतलं. तोंडापर्यंत आलं होतं, परत गिळलं.

रेल्वे आमच्या बायकांना फुकट पास देते. त्यावर 'कर्मचाऱ्याची पत्नी' असं लिहितात, आणि जाणं-येणं दोन्ही लिहितात. मी त्यासाठी अर्ज केला नाही. काल माझ्याच खिडकीच्या बाहेर, रांगेत उभा राहिलो आणि पदरमोड करून पुण्याचं तिकीट काढलं. एकेरी. आतल्या सहकाऱ्याने दोनदा विचारलं, "जाण्याचंच ना?" म्हटलं, "हो बाबा, जाण्याचंच. मागे लोक खोळंबलेत."

असो. मंडळाने हा समारंभ घडवून आणला, इंदुबाईंनी बाईंची रजा मंजूर करून घेतली, भाऊसाहेबांनी मतभेद विसरून अध्यक्षपद स्वीकारलं, या सर्वांचा मी ऋणी आहे. खिडकीबाहेर बोलायची सवय नाही, तेव्हा काही अधिक-उणं बोललो असेन तर आपलाच समजून सांभाळून घ्या.

आणि दमयंतीबाई, हे तुमचं तिकीट. परतीचं पुण्याच्या खिडकीवर मिळतं. ते तुम्ही काढलंत, तर मला कळेल.