समुद्रातला गोटा

माही नोकरी जहाजावर, समुद्राच्या तळाशी कोणतं खनिज आहे ते शोधाची. आमच्या बाबाले ती कधी पटलीच नाही. त्यायची सारी जिंदगी भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये मँगनीज तपासण्यात गेली न.

मागच्या सुट्टीत भिलाईतल्या रुआबांध्याले घरी आलो, तं तळातून काढलेला आलूएवढा काळा गोटा रीतसर परवानगी घेऊन सोबत आणला. बाबाच्या हातावर ठेवला. त्यायनं नखानं खरवडून पाह्यला.

"मँगनीज आहे. कुठून आणलं?"

"पाच किलोमीटर खोल पाण्यातून, बाबा. एवढा वाढाले लाखो वर्षं लागतात."

"तेवढ्या खोल कावून गेले तुमी? आमच्या तुमसरच्या खाणींकडं असे गोटे आमी कुत्रे हाकलाले मारत होतो."

झालं. मी गोटा खिडकीत ठेवला अन् जेवाले बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक कुत्रं फाटकातून आत शिरलं अन् बाबाची नवी चप्पल तोंडात धरून पळाले लागलं. आईनं हाताले लागला तो खिडकीतला गोटा उचलला.

बाबा आतून वरडले, "अवो, तो ठेव! चप्पल नेऊ दे त्याले!"