सुई निघायच्या आत

(पालमचा एक दवाखाना. श्रावणी सोमवार, दुपार कललेली. खाटेवर गंगम्मा, उशाशी तिचा नवरा सांबप्पा.)

गंगम्मा : खोटं बोलायलाव तुमी. म्या तुमचं नाव घेतलं? समद्या बायांम्होरं?

सांबप्पा : नुसतं घेतलं? "ए सांबप्पा, मपली शेळी सोड," म्हणलीस. आपल्या घरी शेळी तरी हाय का गं?

गंगम्मा : शिवा शिवा! मंग?

सांबप्पा : मंग खुरपं फेकून हासायलीस. मुगाच्या रानात, एकलीच, खदाखदा. घामाच्या नुसत्या धारा. हात लावला तर अंग गारेगार. संगं खुरपणारी सगुणाबाई म्हणली, वारं आलंय हिला, धुनी पेटवा, मिरच्या टाका.

गंगम्मा : टाकल्या का?

सांबप्पा : विस्तू आणायला बाया गेल्त्या बी. तेवढ्यात तू पडलीस. डोळे पांढरे, दातखीळ बसलेली. कुणीतरी कपाळभर भस्म फासलं तुझ्या. निघालेल्या माणसाला लावत्यात ना, तसं.

गंगम्मा : अन् तुमी?

सांबप्पा : धुनीला माझं मन घेईना. तुला उचललं, अन् सडकंवर जाऊन येष्टीला आडवाच उभा राह्यलो. ड्रायव्हरनं तुझं तोंड पाह्यलं अन् पालमपस्तोर एका बी फाट्यावर गाडी थांबवली न्हाई. उतरणारे बी गप बसले.

गंगम्मा : कोण हुता वो त्यो?

सांबप्पा : कुणाला खबर! नाव पुसायची सुद कुठं हुती.

डॉक्टर : झाल्या का जाग्या? बाई, नाव सांगा बरं तुमचं.

गंगम्मा : गंगम्मा.

डॉक्टर : छान. सकाळी साखरेच्या आजाराची गोळी घेतली होती?

गंगम्मा : घेतली की. चुकवायची न्हाई म्हणून सांगितलंय.

डॉक्टर : आणि खाल्लं काय?

गंगम्मा : सोमवार न्हाई का आज? च्या बी घेतला न्हाई. दिवस मावळल्यावर सोडते.

डॉक्टर : तिथंच घात झाला. गोळीला काय ठाऊक, आज सोमवार आहे ते? ती रक्तातली साखर खाली आणतच राहते. पोटात काही पडलं नाही की मेंदू उपाशी राहतो. मग माणूस हसतो, भांडतो, घरच्यांना ओळखत नाही. अजून उशीर झाला असता, तर... जाऊ द्या.

गंगम्मा : मंग बंदच करा ती गोळी, साहेब. पायाची जखम भरली तिच्यानं, खरं हाय. पण आता भ्या वाटायलंय मला तिचं.

डॉक्टर : बंद नाही, निम्मी करू. गोळी घेतली की जेवायचं. उपास करायचाच असेल, तर आधी मला विचारायचं. आणि घाम सुटला, हात कापायला लागले, की शुद्ध आहे तोवरच साखर तोंडात टाकायची. पडा आता. बाहेर माणसं थांबलीत.

सांबप्पा : ऐकलंस? वारं न्हवतंच.

गंगम्मा : काय टोचलं वो त्यांनी मला?

सांबप्पा : साखरंचंच पाणी म्हणले. काचंची ही एवढी पिचकारी. शिरंत हळूहळू सोडायले. म्या तुझ्या तोंडाकडं बघायलो, तर तोंड मढ्यावानी. अन् गंगम्मा, पिचकारी निम्मी बी झाली नसंल, तुझी पापणी हालली. गालावर रंग चढला. सुई अजून शिरंतच, अन् तू डोळे उघडून मला म्हणतीस, "अहो, टोपी कुठं टाकली?"

गंगम्मा : टोपी?

सांबप्पा : पडली असंल सडकंवर. पण "अहो" म्हणलीस! डोळ्यादेखत गेलेलं माणूस डोळ्यादेखत माघारी आलं. म्या उभ्या उभ्या हात जोडले. कुणाला, ते बी कळंना. डॉक्टरला म्हण, सुईला म्हण, महादेवाला म्हण.

गंगम्मा : एवढ्याशा साखरंवर मानूस मानसात ऱ्हातंय?

सांबप्पा : तेच म्हणायलोय मी. कवापासून तेच डोक्यात फिरायलंय.

गंगम्मा : येष्टीतलं मला जरासक आठवायलंय.

सांबप्पा : काय?

गंगम्मा : समदं लांब गेल्तं. आवाज हिरीतून आल्यावानी. मी कोण, कुठं चालले, काईच ठावं न्हवतं. कुणीतरी एक मानूस माझा हात धरून बसलं हुतं. थरथर कापायलं हुतं बिचारं.

सांबप्पा : मीच की गं.

गंगम्मा : तुमी हाव, हे न्हवतं ठावं. पण त्यो हात सोडायचा न्हाई, एवढं ठावं हुतं.