आक्काची बोहनी

चहाआधी मी ही गोळी घेतो म्हणून तुम्ही हसता, पण ती सुरू झाली आक्कामुळे. माझ्या या थोरल्या बहिणीची विसरवाडीला हायवेवर चहाची टपरी होती. तिशीपुढच्या लोकांचं बीपी आणि शुगर तपासणारी गाडी टपरीसमोरच लागायची. आक्का ट्रकवाल्यांना दटावून तिकडे पाठवायची. एकदा गाडीतल्या सिस्टरनं तिलाच बोलावलं, तर म्हणते, "थांब माय, अजून बोहनी व्हयनी नही. बोहनीआधी फुकट काही देतस नही, रगत तं अजिबात नही."

बोहनी झाली, पण मग गिऱ्हाईक हटेना. निघालेल्या गाडीला तिनं ओरडून सांगितलं, "पुढली येळले पयला नंबर मन्हा शे!"

पुढच्या वेळी गाडी आली तेव्हा टपरीवर मी होतो. सिस्टर हाताला बांधायचा पट्टा घेऊनच आली.

"आक्का कुठंय? आज माझी बोहनी त्यांच्यापासून."

"चहा गाळताना कोसळली, ती उठलीच नाही," मी म्हणालो. "डॉक्टर म्हणाले, बीपी फार वाढलं होतं."

मी शर्टाची बाही वर केली. सिस्टरनं पट्टा बांधून आकडा पाहिला, पट्टा सोडून पुन्हा बांधला, पुन्हा पाहिला.

"दादा," ती हळूच म्हणाली, "गॅस बंद करा आणि गाडीत चला."